दोनशे साठ मीटर

यावलला आमचा पळणाऱ्यांचा एक गट होता. त्या गटातल्या एका मुलीबद्दल गावात अजून जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते मी पसरवलेलं आहे. धुळ्याला वनरक्षकाच्या भरतीत ती शहर बघून घाबरली, मैदानावर तिचे पाय गळाले, असं लोक सांगतात. ती घाबरली नव्हती आणि तिचे पायही गळाले नव्हते. हे एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली. आता मी शहात्तर वर्षांचा आहे, धुळ्यात देवपूरला मुलाकडे राहतो. गुडघे गेले. सकाळी पांझरेच्या पुलापर्यंत काठी टेकत जातो आणि परत येतो. पुढे ढकलायला आता दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहितो.

नोकरीत मी भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणतात. दोन भावांचं बांधावरून भांडण झालं, की सरकारी फी भरून आम्हाला बोलवायचं, आम्ही टेप टाकायचा, खुणा रोवायच्या आणि नकाशावर सही करायची. तेहतीस वर्षं हेच केलं. माझ्या मोजणीवर लोकांनी अपिलं केली, शिव्या दिल्या, एकदा एकाने ढेकूळ फेकून मारलं. पण फेरमोजणीत चूक निघाली नाही. आमच्या भागात बांध कोरणाऱ्या माणसाला काय मान असतो हे मी सांगायला नको. हद्दीचा दगड सरकवला असं ज्याच्याबद्दल कळतं, त्याच्या घरी सोयरीक करताना लोक दहादा विचार करतात. अशी माणसं मी जन्मभर पाहिली, त्यांच्याकडे बघून मान हलवली.

निवृत्तीनंतर साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता बरोबरीचे चार जण मिळाले, मग हळूहळू पळायला लागलो. वर्षभरात आम्ही पंधरा-सोळा जण झालो. त्यात दुकानदार होते, शाळेतले शिक्षक होते, आणि पोलीस किंवा वनखात्याच्या भरतीची तयारी करणारी मुलंमुली होती. त्यांना सरावाला मैदान नव्हतं. गावाबाहेरून सातपुड्याकडे जाणारा एक लहान डांबरी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग एक नाला, मग बागा संपतात आणि डोंगराकडे चढ सुरू होतो. तोच आमचा मार्ग झाला. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळावं लागतं, म्हणून मी टेप टाकून दीड किलोमीटर मोजलं आणि तिथे एक दगड रोवून त्याला चुना फासला. नाक्यापासून निघायचं, दगडाला हात लावायचा आणि परत यायचं. दगड चढावर होता. शेवटचे सव्वाशे-दीडशे मीटर छाती फुटायची.

रविवारी सगळे एकत्र पळायचो आणि जो शेवटी येईल त्याने चहा पाजायचा. मी कधी शेवटी आलो नव्हतो. वयाने सगळ्यांत मोठा, पण दोन-तीन सुटलेल्या पोटांच्या पुढे असायचो, आणि त्याचा मला फार अभिमान होता. मग माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. सपाटीवर चालायचं, चढावर दगा द्यायचा. एका रविवारी मी शेवटी आलो. पुढच्याही रविवारी आलो. गटात एक औषधांच्या दुकानाचा मालक होता, बोलायला फटकळ. तो कपात चहा ओतत म्हणाला, "नाना, आता तुमची हद्द कायम झाली. शेवटचा नंबर तुमच्या नावावर चढवून टाकू का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र दुपारभर गुडघ्याला तेल चोळत बसलो.

त्याच पावसाळ्यानंतर रस्त्याचं काम निघालं. खडी टाकताना कामगारांनी आमचा दगड उपटून कडेच्या चारीत टाकला. काम संपल्यावर तो परत बसवायचा होता, आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आलं. दुसरं कोण बसवणार होतं? मी एकटाच टेप घेऊन गेलो. एकशे तीस मीटर अलीकडे, चढ जिथे सुरू होतो त्याच्या जरा खाली, मी दगड रोवला आणि चुना फासला. मला अंतर नीट माहीत होतं. चूक झाली असं मी म्हणू शकत नाही. गटाला मी सांगितलं, पहिल्या वेळी नाल्याच्या वळणावर मोजताना गफलत झाली होती, आता बरोबर मोजलंय. जाऊन-येऊन दोनशे साठ मीटर कमी झाले.

त्यानंतर मी शेवटी आलो नाही.

सगळ्यांच्या वेळा सुधारल्या. लोक खूश झाले, वजन कमी झाल्याचं एकमेकांना सांगू लागले. औषधवाल्याने त्या दिवाळीत पळण्याचं घड्याळ घेतलं होतं, उपग्रहावरून अंतर मोजणारं. तो एक दिवस मनगट माझ्यापुढे धरून म्हणाला, "नाना, माझं घड्याळ दोन किलोमीटर सातशे चाळीस दाखवून रायलं." मी सगळ्यांसमोर म्हणालो की डोंगराच्या कडेला त्याला रेंज मिळत नाही, आणि मग, "उद्यापासून शेताची मोजणीही त्याच्याकडूनच करून घे, सातबारा मनगटावर छापून येईल." लोक पोट धरून हसले. त्याने बाही खाली ओढली. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. तेहतीस वर्षांची माझी इभ्रत त्या एका वाक्यामागे उभी होती. घड्याळाचं कोण ऐकणार?

ती मुलगी यानंतर आली. डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. घरी थोडी कोरडवाहू जमीन, मोहाचे दिवस आले की मोह वेचायचा, तेंदूची पानं, आणि बाकी वर्ष केळीच्या बागेत मजुरी. बारावी झालेली. सकाळी पाड्यावरून निघणाऱ्या मजुरांच्या टेम्पोतून ती लवकर उतरायची, आमच्याबरोबर पळायची आणि तिथूनच घड वाहायला बागेत जायची. बूट पहिल्यांदा नव्हतेच, मग एका शिक्षिकेने आपले जुने दिले. पळताना आवाज करायची नाही. आम्ही सगळे धापा टाकायचो, तिचा श्वास ऐकू यायचा नाही.

तिला वनरक्षक व्हायचं होतं. एकदा मी विचारलं, पोलिसात का नाही? ती म्हणाली, पोलिसात गेलं तर कुठेही बदली होते, जंगलात लावलं तर निदान झाडं ओळखीची असतील. तिच्या बापाने तिला एक संधी दिली होती. भरती निघेल, त्यात झालं तर झालं, नाहीतर लग्न. बाप वाईट माणूस नव्हता. तिच्या पाठची आणखी एक मुलगी घरात होती, आणि त्याला तेवढंच परवडत होतं.

भरती निघाली. लेखी परीक्षेत ती पास झाली. आम्ही नाक्यावर पेढे वाटले. आता उरली होती धाव. धावेला वेळेवर गुण असतात, जितकं लवकर तितके जास्त, आणि तिचे लेखीचे गुण धरले तर तेरा मिनिटांच्या आत यायला हवं असा आमचा अंदाज होता. आमच्या मार्गावर ती पावणेतेरा मिनिटांत यायची. वेळ मी घ्यायचो. महिनाभर आधी तिने मला विचारलं, "नाना, अजून थोडं कमी करू का? दम हाये माझ्यात."

मी म्हणालो, "नको माय. एवढ्यात काम होतं. आता पाय जप, दुखापत नको."

याच्यावर मी किती विचार केला असेल, मोजदाद नाही. त्या क्षणी मला दगड आठवला नव्हता असं नाही. आठवला होता. मी मनात हिशेब केला की मैदान सपाट असेल, गर्दीत माणूस जोरात पळतो, तेवढा फरक भरून निघेल. आणि आता सांगितलं तर औषधवाल्याला काय तोंड दाखवायचं, हेही मनात आलं. खरं सांगायचं तर हेच आधी आलं.

धुळ्याला मी तिच्याबरोबर गेलो. तिचा बापही होता. माझं मूळ गाव धुळंच, देवपूरला घर होतं, म्हणून मुक्काम आमच्याकडे. बसमध्ये बाप खिडकीशी बसून होता. धुळं आलं तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, हिला नोकरी लागली तर हिची बदली आमच्याच जंगलात होईल का हो?" मी म्हणालो, होऊ शकते. माझ्या सुनेने रात्री कढी-खिचडी केली. पोट जड नको म्हणून मुलीने एकच वाटी खाल्ली, आणि स्वतःची ताटवाटी घासून ठेवली. सुनेला फार आवडली ती.

धाव सकाळी होती. मी आणि तिचा बाप दोरीबाहेर उभे होतो. ती मधल्या घोळक्यात होती, रोजच्यासारखी, तोच वेग, तेच हात. आमच्या मार्गावर जिथे ती संपवायची, तिथे तिने शेवटचा जोर काढला. मी दोरीबाहेरून ते बघितलं. तिच्या अंगाला माहीत होतं की आता संपतं. पण संपलं नव्हतं. पुढचं अंतर ती त्याच वेगाने आली, तोंड उघडं टाकून. तिचा श्वास मी पहिल्यांदा ऐकला.

तेरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

मी नंतर गणित मांडलं. दोन हजार सातशे चाळीस मीटर पावणेतेरा मिनिटांत पळणारा माणूस त्याच वेगाने तीन हजार मीटर तेरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत पळतो. म्हणजे त्या दिवशी ती एक पाऊलही हळू पळाली नव्हती. हे गणित मी घरी पोहोचल्यावर कागदावर केलं, पण मैदानावर उभ्या उभ्याच मला त्याचं उत्तर माहीत होतं.

ती दोरीपाशी आली. छातीवरचा नंबर घामाने भिजला होता. रडत नव्हती, गोंधळलेली होती. म्हणाली, "नाना, इथलं अंतर जास्त असीन. मी तशीच पळाली. मले काही झालं नही."

बाप माझ्याकडे बघत होता. आजूबाजूला आणखी पालक होते. तेव्हा सांगता आलं असतं. सांगून गुण वाढले नसते, पण तिला कळलं असतं. मी म्हणालो, "सरकारी मोजणी आहे पोरी, ती चुकत नाही. तू घाबरलीस. शहरात होतं असं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली. माझ्या शब्दावर तिने विश्वास ठेवला. मोजणीच्या बाबतीत माझ्या शब्दावर सगळेच ठेवायचे.

परतीच्या बसमध्ये बाप तिला हळू आवाजात समजावत होता की घाबरणं काही पाप नाही, आपल्या लोकांना मैदानाची सवय नसते. माझं वाक्य त्याच्या तोंडी गेलं होतं. यावलला गटाने विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. महिनाभरात ती गोष्ट पाड्यावर पोहोचली, बागेत पोहोचली, आणि प्रत्येक जागी तिला थोडी थोडी भर पडत गेली. कोणी म्हणालं, ती मधेच थांबली. कोणी म्हणालं, बसून रडली. निवड यादीत तिचं नाव आलं नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, भडगावकडे दिलं. लग्नाला मी गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

पुढच्या वर्षी माझी बायको गेली आणि मुलाने मला देवपूरला आणलं.

गेल्या हिवाळ्यात मी यावलला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. जुने चौघे नाक्यावरच्या हॉटेलात भेटले. गट मोडला होता, आता नुसता फोनवर उरलाय, सकाळी फुलांची चित्रं येतात. मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. दगड मी सरकवला, जाणूनबुजून सरकवला, आणि त्या मुलीचं त्यामुळे गेलं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कोणी उठून जाईल. कोणी शिवी दिली असती तरी मी घेतली असती.

तोवर चहा आला होता, औषधवाला कपातली साय बोटाने बाजूला करत बसला होता. मग म्हणाला, "नाना, आम्हाला ठाऊक होतं."

मला आधी समजलंच नाही. त्याने सांगितलं की त्या दिवाळीनंतर सगळ्यांनी आपापल्या फोनवर अंतर बघितलं होतं. प्रत्येकाच्या फोनवर तेवढंच यायचं. आपसात बोललेही होते. पण वडीलधाऱ्या माणसाला, त्यातून मोजणीवाल्याला, तोंडावर कोण सांगणार? शिवाय वेळा चांगल्या दिसत होत्या. माझ्या शेजारी बसलेले शिक्षक म्हणाले, सोडा नाना, झालं ते झालं, पोरीचं नशीब. मी विचारलं, मग तिला का नाही सांगितलंत? तिच्याकडे तर साधा फोन होता. औषधवाला म्हणाला, "आम्हाला वाटलं, तिला तुम्ही खरं अंतर सांगितलं असीन. तुम्हीच तिची वेळ घ्यायचे."

त्यांच्यावर मी दोष टाकत नाही. मी सांगतो ते एवढ्यासाठी की पंधरा-सोळा माणसांना माहीत होतं आणि जिला माहीत असायला हवं होतं तिला एकीला नव्हतं.

तिथून परत आल्यावर मी पंधरा दिवसांनी भडगावला गेलो. तिच्या बापाकडून गावाचं नाव घेतलं होतं. कशाला जाताय असं त्याने विचारलं नाही. एसटीतून उतरून पुढे रिक्षाने गेलो. घरी सासू होती. ती म्हणाली, सून कापूस वेचायला गेलीय, आणि माझ्याकडे नीट बघून, "तुम्ही ते पळवणारे का?" असं विचारलं. मी हो म्हणालो. "आमच्याकडे पाणी आणायला गेली तरी रमतगमत येते," असं म्हणून ती हसली. दुष्टपणाने नव्हे, घरात ही थट्टा रोजची असावी.

शेत गिरणेच्या बाजूला होतं. ती बांधावर आली, पदर कंबरेला खोचलेला, वेचलेल्या कापसाची ओटी तशीच. अंगाने भरली होती. मला ओळखून तिने वाकून नमस्कार केला, तो मी थांबवू शकलो नाही. मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. घरच्यांची चौकशी केली, सुनेची आठवण काढली. बायको गेल्याचं ऐकून हळहळली. मग मी सांगितलं. यावलला सांगितलं होतं त्यापेक्षा नीट सांगितलं. चहाचं, शेवटच्या नंबराचं, दगडाचं, तिने दम आहे म्हटलं तेव्हाचं, आणि मैदानावर तिने अंतर जास्त असेल म्हटलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, तेही. गणित सांगितलं. म्हणालो, तू एक पाऊलही हळू पळाली नव्हतीस.

ती ओटीतला कापूस चिवडत, त्यातला पाचोळा एकेक काढत ऐकत होती. माझं संपलं तरी काढत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून पुन्हा सुरुवात केली. तिने हाताने थांबवलं.

"कळलं मले," ती म्हणाली.

मी म्हणालो, तुझ्या सासरी येऊन सांगतो, तुझ्या वडिलांना सांगतो, पाड्यावर चार माणसांत सांगतो. ती म्हणाली, इथे सांगू नका. इथे थट्टा करतात तेवढंच आहे. हे कळलं तर म्हणतील, परक्या म्हाताऱ्याच्या नादी लागून गेली होती, ते जास्त वाईट. मी म्हणालो, मग मी लिहून काढतो. ती म्हणाली, लिहा, पण नाव नका घालू. म्हणून यात कोणाचंच नाव नाही.

भरती पुन्हा निघते, वय आहे का तुझं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. तिने नुसती मान हलवली. शेताच्या दुसऱ्या टोकाला तिने आपल्या पोराला झोळीत टाकलं होतं, ते रडायला लागलं होतं. ती तिकडे बघत उभी राहिली आणि मग माझ्याकडे न बघता बोलली.

"धाकलीले पोलिसात जायचं होतं. माझ्यापेक्षा बी जोरात पळायची ती. बाप हो म्हणत होता. मीच नको म्हटलं. मी सांगितलं तिले, आपल्या घरात तो दम नही. ऐनवेळी पाय धरतात आपले. मी पाहून आली, तू नको जाऊ. तिनं ऐकलं माझं."

मी विचारलं, ती कुठे आहे आता?

"उसाले गेली नवऱ्यासंगं. गुजरातकडे. पोटुशी हाये." मग तिने विचारलं, "तिले काय सांगू, नाना?"

मी बांधावर बसून होतो. ती थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली, खरंच वाट बघत होती, मग पोराकडे गेली. त्याला पाठीला बांधून पुन्हा कापसाच्या ओळीत शिरली. मी तिथे तासभर असेन. ती परत बांधाकडे आली नाही, आणि मला उठून तिच्याकडे जायचा धीर झाला नाही.